ओट्यावरचं गोणपाट

भर दुष्काळात परसात चुलीसाठी पक्का ओटा बांधायची हौस मलाच आली. तिसगावच्या गवंड्याने आधी माझ्या बायकोला उभं केलं.

“वैनी, भाकर थापून दावा.”

“पिठाशिवाय?”

“पीट हाय कुनाकडं?” म्हणत त्याने तिच्या कोपरापर्यंतची उंची वितीने मोजली.

प्रत्येक वाक्यानंतर तो विटेवर थापी वाजवायचा, जणू विटेलाही विचारून घ्यायचा. ओट्याला सिमेंट केल्यावर त्याने वर गोणपाट अंथरलं आणि त्याला लागून आडोशाची भिंत बांधायला घेतली. रोज सकाळी घरून आणलेल्या तांब्यातलं अर्धं पाणी तो त्या गोणपाटावर ओतायचा. उरलेलं दिवसभर पुरवून प्यायचा. आमच्याकडे त्याने पाणी मागितलं नाही, मीही विचारलं नाही.

भिंत झाली आणि तो आपल्या बायकोला घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाला.

“मास्तर, आठ दिस गोनपाट सुकू द्यू नगा. लई न्हाई, अर्धा तांब्या बास.”

मी मान डोलावली. तो अर्धा तांब्या रोज मीच प्यायलो.

ओटा मधोमध तडकला. गवंडी पुन्हा दिसला नाही. पाहुण्यांनी भेगेचं विचारलं, की मी अजून सांगतो, “गवंडी कच्चा होता हो.”

तेव्हा भाकरी थापणारे बायकोचे हात क्षणभर थांबतात.