पायांवरची धूळ

चहाचा ग्लास हातात आला की कंट्रोलर तो आधी उजेडाकडे धरायचे, मग नाकाशी न्यायचे आणि हॉटेलवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "शिसारी आली, राव." मग ग्लास तसाच ठेवून उठायचे. त्यांच्याबरोबर चहाला जायचं म्हणजे बहुतेक वेळा चहा न पिताच परत यायचं.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे हे नारायणगावच्या स्टँडवर एसटीचे कंट्रोलर होते आणि रिटायर झाल्यावरही गल्ली त्यांना कंट्रोलरच म्हणायची. मी शाळामास्तर, त्यांचा शेजारी. रविवारी सकाळी ते माझ्या उंबऱ्यावर काठी आपटायचे आणि आम्ही चालायला निघायचो. जाताना पायी, येताना एसटी. हे वेड त्यांनी इंग्लंडातून आणलं होतं. लेक तिकडे असते. तिच्याकडे राहून आले, पण लंडनबद्दल चकार शब्द नाही. बोलायचे ते फक्त तिथल्या खेड्यांतल्या पायवाटा आणि पब यांच्याबद्दल.

"पब म्हणलं की तोंड वाकडं करू नका, गुरुजी. मी तिथं लिंबूसरबतच प्यालो. शेताच्या बांधावरनं वाट जाती, कुणी वरडत न्हाई. चालून चालून पायाचं तुकडं पडलं की गावातला जुना पब लागतो. छत टकुऱ्याला लागतंय. मालक तुमच्या बुटाचा चिखल बघतो आन शेकोटीजवळ जागा करून देतो. आपल्याकडं असं एक ठिकाण नसंल व्हय?"

ते ठिकाण शोधायला आम्ही वर्षभर चाललो. डिंगोऱ्याकडे गेलो, निमगाव साव्याकडे गेलो. एका हॉटेलात ज्या फडक्यानं टेबल पुसलं त्याच फडक्यानं ग्लास पुसला. दुसऱ्या ठिकाणी फरसाणाच्या परातीवर माशांची जत्रा, आणि मालक त्यांना हातानं उठवून पुन्हा बसू देत होता. एका नव्या गार्डन हॉटेलच्या बेसिनमध्ये गुटख्याचा लाल थर होता, त्यातच हात धुवायचे. वाटेवरही तीच तऱ्हा. बांधाला दारूच्या बाटल्या, ओढ्यात थर्माकोलची ताटं, झुडपांना अडकलेले कागदी कप. कंट्रोलर काठीच्या टोकानं बाटल्या बाजूला सारत चालायचे. आपल्या मुलखात इतकी घाण आहे, हे मोटारसायकलवरून फिरताना मला कधी दिसलं नव्हतं.

मग एका रविवारी चाचांचं हॉटेल सापडलं. खोडदच्या अलीकडे, जिथून रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या दिसायला लागतात, तिथे कालव्याकडेला पत्र्याची पडवी, दोन बाकं आणि एक चूल. चाचा सत्तरीचे, नजर अधू. आम्ही आत शिरलो तेव्हा त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. वाकून पायांकडे पाहिलं. चपला धुळीनं माखलेल्या होत्या. काही न विचारता त्यांनी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे ठेवला.

"चालून आलात. आधी हे घ्या, च्याचं मागनं बघू."

पाठोपाठ एक जण मोटारसायकलवरून आला. चाचांनी त्याच्याही पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय देऊ?"

कंट्रोलरनी तांब्या उजेडाकडे धरला नाही, नाकाशी नेला नाही. गटागटा पाणी प्यायले, गूळ तोंडात टाकला आणि म्हणाले, "घावला, गुरुजी." त्यानंतर आमचे सगळे रविवार तिकडेच गेले. महिनोन्महिने त्या माणसाच्या तोंडून मी 'शिसारी' हा शब्द ऐकला नाही.

आणि मी माती खाल्ली. बाकावरचा तांब्या, गुळाचा खडा आणि शेजारी टेकवलेली कंट्रोलरची काठी, असा एक फोटो मी काढला. खाली चार ओळी लिहिल्या आणि पत्त्यासकट आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर टाकला. चार लोकांनी वाहवा म्हणावं एवढंच मनात होतं. तिथून तो कुठे कुठे गेला, कोण जाणे.

दोन-तीन महिन्यांनी आम्ही पोचलो तर लांबवर गाड्या लावलेल्या. एक तरुण गाडीतून उतरला. पांढरेशुभ्र बूट. बरोबरच्या बाईनं मोबाईल धरला आणि तो वाकला, रस्त्यावरची मूठभर माती घेऊन त्यानं बुटांवर चोळली, मग दमल्यासारखा पाय ओढत पडवीत शिरला. चाचांनी खाली पाहिलं. "चालून आलात," म्हणाले आणि तांब्या पुढे केला. त्यानं मोबाईलकडे बघत एक घोट घेतला, गूळ चाटला आणि उष्टा खडा बाकाखाली टाकला. तिथे तसे सात-आठ खडे आधीच पडले होते, मुंग्यांनी काळे झालेले.

कंट्रोलरांचा चेहरा पांढरा पडला. "शिसारी आली, राव," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कुणी दाखवलं आसंल ह्यांना?"

"काय की," मी म्हणालो. खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. फडकं, माशा, बेसिन, सगळं मी विसरलोय. त्या सरळ आवाजाची किळस मात्र अजून जात नाही.

"चाचांना सांगायचं का?" मी विचारलं.

"नगं. मग ते समद्यांच्याच पायाकडं संशयानं बघतील."

त्यानंतर ते तिकडे आले नाहीत. पुढे गुडघे गेले. लेक त्यांना कायमचं न्यायला आली, तेव्हा मात्र म्हणाले, "एकदा चाचांकडं." आम्ही रिक्षानं गेलो. चाचांनी आवाजावरून ओळखलं आणि लगबगीनं तांब्या आणला. कंट्रोलरनी तो हातानं मागे सारला.

"आज रिक्षानं आलोय, चाचा. पाय बघा. काय देऊ, म्हणा."

"तुमाला काय इचारायचं, भाऊ?"

"न्हाई, इचारा."

चाचा खाली वाकले, त्यांच्या स्वच्छ बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय देऊ?"

"एक च्या."

चहा पिऊन आम्ही निघालो. रिक्षात बसताना कंट्रोलरनी काठी मांडीवर आडवी घेतली. "फोटू बेस व्हता, गुरुजी," ते म्हणाले. "काठी लई झ्याक आली." आवाजात राग नव्हता. शिसारी आली म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

ते इंग्लंडातच वारले. लेकीचा फोन आला, त्या रविवारी मी एकटा खोडदकडे चालत गेलो. पडवीच्या अलीकडे दगडावर टेकलो, रुमाल काढला आणि चपला, पावलं, पार घोट्यापर्यंतची धूळ पुसून काढली. मग आत गेलो.

चाचांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय देऊ?" त्यांनी विचारलं.