निळ्या फितीचा वळू

व्हिक्टोरिया प्रांतातल्या कुरणांत राहणाऱ्या आर्ची टलकला जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाची निळी फीत हवी होती. परीक्षकांना आवडायचे ते चरबीनं तुकतुकणारे वळू. म्हणून त्यानं जुना हाडकुळा वळू कसायाला दिला. नवा वळू आणून त्याला दोन वर्षं दूध पाजलं, जवसाची पेंड चारली. घरात पोरं कोरा चहा प्यायली. फीत मिळाली, पण वळू चरबीनं निकामी झाला. चाळीसपैकी एकही गाय गाभण राहिली नाही.

“हाडकुळा होता, पण वासरं देत होता,” बायको एफी म्हणाली. “आता फीत पिळून दूध काढ.”

आर्ची बंदूक घेऊन गोठ्यात गेला. त्याला पाहताच वळूनं शिकवल्याप्रमाणे चारही पाय रोवले, मान उंचावली आणि परीक्षकासमोर राहावं तसा तो निश्चल उभा राहिला.