पायाला न लागलेले चेंडू

गेल्या मोसमात आमचा संघ शेवटचा आला. दोन सामने जिंकलो, त्यातला एक समोरच्या संघाची गाडी रस्त्यात बंद पडल्यामुळे. दोह्यात राहणाऱ्या मराठी माणसांचा हा संघ. ऑक्टोबर ते एप्रिल, दर शुक्रवारी सकाळी, अल गराफाच्या पलीकडच्या मोकळ्या जमिनीवर सिमेंटच्या पट्टीवर हिरवी मॅट अंथरून आम्ही खेळतो आणि दुपारच्या नमाजाआधी आवरतो. मे महिन्यापासून ऊन उभं राहू देत नाही. तेव्हापासून संघ फक्त व्हॉट्सॲपवर असतो, आणि याच दिवसांत ठरतं की पुढच्या मोसमात कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं.

मी खेळत नाही. गुडघ्यामुळे सहा वर्षांपूर्वी खेळणं सोडलं, तेव्हापासून स्कोअरबुक लिहितो. सीमारेषेबाहेर घडीची खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली आणि दोन पेनं. लीगवाले धावा मोबाइलवर टिपतात, पण कोणाची कोणती चूक, कोणाचा कोणता बॉल, हे सगळं आमच्या संघाच्या वहीत असतं. ती वही माझी.

दर उन्हाळ्यात माझी मतं तयार असतात. बायकोला ती तोंडपाठ झाली आहेत. हरलो की आम्ही नवा बॅट्समन आणतो, कारण बॅट्समन सगळ्यांना दिसतो. काढायची वेळ आली की दोन वर्षांच्या कंत्राटावर आलेला माणूस आधी काढतो, कारण त्याच्या घरी आपण कधी जेवलेलो नसतो. आणि मागे कीपर बरा नसेल तर चार बॉलर बदलून काही होत नाही. हे मी कोणालाही अर्धा तास समजावून सांगू शकतो. गेल्या जूनमध्ये, विचारलं तेव्हा मात्र सांगितलं नाही.

आमचा कीपर माझा मित्र. आम्ही एकाच वर्षी इथे आलो, एकाच गॅस प्लँटवर लागलो, अल मुंतझामध्ये समोरासमोरच्या इमारतींत राहतो. माझे वडील गेले तेव्हा विमानं बंद होती. मी घरात येरझाऱ्या घालत होतो. हा आला, सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्याने पिठलं-भात केला आणि ताट माझ्यासमोर ठेवलं.

तीन वर्षांपूर्वी मुलींच्या शिक्षणासाठी त्याची बायको मुलींना घेऊन पुण्याला गेली. बुधवारी त्याने त्यांना विमानतळावर सोडलं आणि शुक्रवारी तो स्टंपामागे उभा होता. तिसराच चेंडू त्याच्या ग्लव्हजमधून निसटून सीमारेषेपार गेला. अंपायरने बायची खूण केली. मी पेन टेकवलं आणि लेगबाय लिहिलं.

बाय म्हणजे कीपरची चूक. लेगबाय म्हणजे चेंडू बॅट्समनच्या पायाला लागून गेला, त्यात कोणाचीच चूक नाही. धावा दोन्हीकडे तितक्याच, बेरीज तीच, म्हणून कोणी हरकत घेत नाही. मला वाटलं, आज एक दिवस. मग तो एक दिवस तीन मोसम चालला. वहीच्या शेवटच्या पानावर सुटलेल्या कॅचची यादी असते, कोणाच्या बॉलवर कोणी सोडला अशी. त्या यादीत त्याचं नाव लिहायचंही मी टाळत गेलो.

गेल्या वर्षी संघात एक डावखुरा फिरकी बॉलर आला. लातूरकडचा, तिशी ओलांडलेला, आयटीतल्या कंत्राटावर. त्याचा चेंडू हवेत इतका वर जायचा आणि इतका रेंगाळायचा की बॅट्समनचा पाय आपोआप पुढे यायचा. कड लागायची. मागे कॅच उडायचा. आणि पडायचा. मी खुर्चीत बसून सगळं पाहायचो. वहीत त्या चेंडूसमोर नुसता ठिपका यायचा, काही घडलंच नसल्यासारखा.

जूनमध्ये कॅप्टनने मला लुसैलच्या त्याच्या फ्लॅटवर बोलावलं. कमिटी तिघांची: तो, मी आणि कीपर. कीपर सुट्टीवर पुण्याला होता. एक चांगला बॅट्समन आमच्याकडे यायला तयार होता, म्हणजे एकाला काढावं लागणार होतं. कॅप्टन फायनान्समधला आहे. मुलगा टीव्हीसमोर होता, त्याला आवाज कमी करायला सांगून तो माझ्यासमोर बसला.

"मला विचाराल तर कीपर बदलायला पाहिजे," तो म्हणाला. "तुमचा दोस्त आहे, राग मानू नका. पण त्याच्या हातात बॉल राहत नाही असं मला वाटतं."

"वाटतं ना?"

"वाटतं. मी मिडऑफला असतो, मला सगळं नाही दिसत. म्हणून तर वही आणायला सांगितली. दादा, इमोशन बाजूला. डेटा बोलू दे."

मी वही उघडून त्याच्याकडे सरकवली. तो बोट फिरवत गेला.

"अख्ख्या सीझनला एवढेच बाय? लेगबाय मात्र ढीगभर आहेत."

"समोरचे पॅड पुढे घालण्यात पटाईत," मी म्हणालो. हे मी हसत म्हणालो, तेही मला आठवतं.

त्याने शेवटचं पान उघडलं. "माझे तीन? दादा, त्यातला एक सूर्यात गेला होता!"

"डेटा बोलतोय."

"मरू दे डेटा," तो हसला. मग पुन्हा पानं उलटून फिरकीवाल्याच्या नावावर थांबला. "हा लातूरवाला बघा. इतक्या ओव्हर टाकल्या आणि विकेट सात. मला वाटलं होतं बरा टाकतो."

"माणूस चांगला आहे."

"चांगले सगळेच आहेत हो. शेवटचे आलोय आपण." त्याने वही मिटली. "मग याला काढायचं, खलास?"

बोलायची वेळ तीच होती. मी चहाचा कप उचलला, रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

"खलास," मी म्हणालो.

कॅप्टनने फिरकीवाल्याला मेसेज केला. उत्तर आलं, "ओके सर. टीमला शुभेच्छा." मला वाटलं, सुटलो.

आठवड्याभराने तो माझ्या घरी आला. त्याची शेअरिंगची खोली आमच्याच गल्लीत, दोन इमारती सोडून. तक्रार करायला आला असता तर बरं झालं असतं.

"दादा, वही बघायला मिळंल का?" तो म्हणाला. "माझं काय चुकायलंय ते बघावं म्हणलं. आता तर काढलंय, पण आपल्याला तरी कळाय पायजे ना."

मी वही दिली. बायकोने चहा ठेवला. तो एकेका ओव्हरवर बोट ठेवून वाचत होता. त्याला प्रत्येक सामना आठवत होता, वारा कुठून होता तेसुद्धा.

"ह्या मॅचला मागं दोन उडाल्यासारखे वाटले होते मला," तो म्हणाला आणि शेवटचं पान पाहून आला. "पण हितं न्हाईत. म्हंजे माझाच भ्रम. बॉलरला काय, प्रत्येक बॉल विकेटच वाटतोय." तो स्वतःवरच हसला.

मी त्याला आणखी चहा घेणार का विचारलं. तो नको म्हणाला. जाताना बायकोला म्हणाला, "वैनी, चहा लई भारी." तो गेल्यावर बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं, पण तिने विचारलं, "तुम्हाला घाम का आलाय? एसी चालू आहे की."

ऑगस्टमध्ये इथे चालायचं तर सूर्य उगवायच्या आधी. तेव्हाही हवा इतकी दमट असते की घराबाहेर पडल्याबरोबर चष्मा पांढरा होतो. एक दिवस मी सुट्टीमुळे बंद असलेल्या शाळेमागच्या पार्किंगवरून चाललो होतो. चष्मा पुसला तर समोर तो. पाण्याच्या बाटल्यांची तीन रिकामी खोकी एकावर एक ठेवून त्यांच्यावर बॉलिंग करत होता. टीशर्ट अंगाला चिकटलेला. चेंडू सपाट, जोरात, खोक्यांवर आपटत होता.

"तुझा तो वरून येणारा बॉल कुठे गेला?" मी विचारलं.

"सोडला, दादा. हवेत दिला की नुसता मार बसायलाय, विकेट मिळंना. वहीत तेच दिसायलंय. आता सपाट टाकायलो. महिना झाला."

महिनाभर तो रोज पहाटे उठून स्वतःची चांगली गोष्ट मोडत होता, आणि ती चूक आहे असं त्याला माझ्या अक्षरात लिहून दिलेलं होतं. मी म्हणालो, "पाणी पीत जा." आणि चालू लागलो. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज याची वाटते. लेगबाय लिहिताना निदान मनात माया होती. त्या पहाटे नुसती भीती होती.

ऑगस्टअखेर कीपर परत आला. शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आला, चपला काढतच होता, तेवढ्यात मी सगळं सांगून टाकलं. सलग. तो एका पायात चप्पल घालून तसाच दारात उभा राहिला.

"कधीपासून?"

"तुझ्या घरचे पुण्याला गेले त्या आठवड्यापासून."

तो आत येऊन बसला. बराच वेळ हातातल्या पिशवीची गाठ सोडवत राहिला.

"मी दर एप्रिलला ती वही बघायचो," तो म्हणाला. "ग्लव्हज काढून ठेवावेत असं मनात यायचं. हात उशिरा जातात, मला कळतं रे. मग वही बघायचो आणि वाटायचं, इतकं काही वाईट नाही. अजून एक वर्ष निघेल."

त्याने पिशवी बाजूला ठेवली.

"दया आली होती माझी?"

"हो."

"मग पिठलं करून घालायचं होतंस." तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्याने विचारलं, "त्या पोराला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी मला काय सांगत बसलायस?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं त्या पार्किंगवर गेलो. मी रात्री आठवून आठवून एक कागद केला होता. कोणता सामना, कितवी ओव्हर, काय सुटलं. अकरा कॅच आणि दोन स्टंपिंग. मी त्याला सगळं सांगितलं आणि कागद दिला. कीपर माझ्याशेजारी मान खाली घालून उभा होता.

फिरकीवाल्याने कागद सावकाश वाचला. मग खिशातून मोबाइल काढून त्याच्या उजेडात पुन्हा वाचला.

"एक ऱ्हायला, दादा," तो म्हणाला. "जानेवारीतला. त्यांचा ओपनर होता."

मला आठवलं. मी पेन काढून तो लिहिला.

"म्हंजे मला दिसायलं होतं ते खरं होतं." हे तो माझ्याशी बोलत नव्हता. नंतर माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "हे ग्रुपवर टाकताव का? मला एकट्याला सांगून काय उपेग?"

मी त्याच दिवशी टाकलं. कागदाचा फोटो आणि खाली चार ओळी, की वही खोटी आहे, ती मी खोटी केली, आणि काढायचा माणूस हा नव्हता. दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी एकाने दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक टाकला आणि त्याखाली शुभेच्छांची रांग लागली.

कॅप्टनचा फोन आला. "दादा, मी तुमच्या वहीच्या भरवशावर गेलो," एवढंच तो आधी म्हणाला. मी फिरकीवाल्याला परत घेण्याबद्दल विचारलं. "नावांचा फॉर्म गेलाय लीगकडे. मी बोलून बघितलं, नाही म्हणतात. यंदा राहू दे, पुढच्या वर्षीच्या सीझनला घेऊ त्याला, इन्शाल्ला. आणि वही माझ्याकडे पाठवा जरा."

फिरकीवाल्याचं कंत्राट मार्चमध्ये संपतं. पुढच्या मोसमात तो इथे नसणार, हे कॅप्टनलाही माहीत आहे.

मी वही पाठवून दिली. कीपरचं नाव यंदाच्या फॉर्ममध्ये आहे, पण आपण खेळणार नाही असं तो कॅप्टनला सांगून आला. त्याच्या जागी कोण उभं राहणार ते अजून ठरलेलं नाही. मला त्यावर मत आहे, पण आता ते कोणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

आता शुक्रवारी पहाटे आम्ही तिघं त्या पार्किंगवर असतो. हे कसं सुरू झालं ते नीट आठवत नाही. बहुतेक कीपर एक दिवस ग्लव्हज घेऊन गेला असावा. फिरकीवाला माझ्याशी फार बोलत नाही. दादा म्हणतो, पाण्याची बाटली घेतो. त्याचा तो जुना चेंडू परत येत नाहीये. वर सोडला तर एक अर्ध्यातच पडतो, दुसरा सरळ खोक्यांच्या डोक्यावरून जातो. "हात इसरला, दादा," असं एकदा म्हणाला, तेही माझ्याकडे न बघता.

गेल्या शुक्रवारी एक बरोबर पडला. वर गेला, थांबला, खाली येऊन वळला आणि खोक्याला केसभर चुकवून मागे गेला. कीपरचे हात उशिरा आले. चेंडू त्याच्या ग्लव्हजमधून निसटून शाळेच्या भिंतीपर्यंत घरंगळला.

कीपर माझ्याकडे वळला. "बाय. लिही."

"वही नाही माझ्याकडे."

"मग लक्षात ठेव," तो म्हणाला, आणि कमरेवर हात ठेवून चेंडू आणायला भिंतीकडे चालत गेला.