अध्यक्षांनी लिहून दिलं

"मी हाय ना!" असं म्हणून आमचे अध्यक्ष छातीवर हात ठेवायचे, की गावाचा प्रश्न मिटला. असा माणूस तुम्ही पण बघितला असेल. पोरींना सामन्याला जायला जीप नाही? मी हाय ना. गावातलं खो-खोचं मंडळ त्यांनीच काढलं. मी मैदानावर फक्कीनं रेघा मारायचो. रेघ वाकडी गेली की म्हणायचे, "बापू, म्हशीमागं चालले का?"

नवा कोच ठेवला तेव्हा माझी बायको त्यांना तोंडावर म्हणाली, "भाऊजी, लेकीची सोयरीक करताना आमी बोरीपासून येलदरीपर्यंत चौकशी केली. ह्या माणसाची केली का तुमी?"

"केली वहिनी. जरा तापट हाय. पर पोरी जिल्ह्याला जिंकतील. मी हाय ना."

तापट म्हणजे काय, ते सांगितलं नाही. आधीच्या गावात त्यानं एका पोराला बेशुद्ध पडेपर्यंत मारलं होतं. अध्यक्षांना ते कळलं होतं.

दिवाळीआधी त्यानं माझ्या नातीच्या कानफटात मारली. खांबाजवळ पाय घसरला, एवढाच तिचा गुन्हा. डाव्या कानाचा पडदा फाटला. खो-खोत पाठीमागून "खो" ऐकून उठावं लागतं. ती बसूनच राहायला लागली. मग तिनं खेळणं सोडलं.

कोचला पोलिसांनी नेलं. चौकशीला साहेब आले. मंडळाच्या कमिटीतल्या चौघांनी लिहून दिलं, आम्हाला काही माहीत नव्हतं. वकिलानं अध्यक्षांनाही तेच लिहायला सांगितलं होतं. त्यांनी लिहिलं, "मला माहीत होतं. जिंकायची हाव सुटली." त्यांचं पद गेलं. ते चौघं अजून कमिटीत आहेत.

मला त्याचं काही वाटलं नाही. लिहून कान परत येतो का?

थंडीत बायको गेली. अध्यक्ष तिरडीला खांदा द्यायला पुढं आले. मी चारचौघांत त्यांचा हात झटकला. "तुमी नगं." ते मागं सरले. सगळ्यांच्या शेवटी अनवाणी चालत आले.

तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आबा, खरं त्यांनी एकट्यांनीच सांगितलं. आन आजीला खांदा कुणी दिला, बघितलं का तुमी? त्यातले दोघं कमिटीतले व्हते."

मी बघितलं नव्हतं.

अध्यक्ष आता नाहीत. पुण्याला लेकाकडं गेले आणि तिकडंच वारले. नात बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात गेलो होतो. शेजारीण म्हणाली, "कालच नेलं त्यांना. लय खंगले व्हते."

कुलूप दिसत होतं. तरी मी कडी वाजवली.