पायाखालचं बटण

खेळायला दोन हात लागतातच, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

नव्वदच्या दशकात उंब्रजच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मी एका माजी सैनिकाला खेळताना पाहिलं. त्याला उजवा हात नव्हता. जुन्या व्हिडिओ गेमचा डबा खोलून, गोळीबाराच्या बटणापासून ओढलेली वायर त्यानं दारावरच्या बेलच्या बटणाला जोडली होती आणि ते पायाखाली घेतलं होतं. त्याच्याशी खेळणारा दुकानदार मात्र मुद्दाम हरत होता.

"गड्या, हे बटण म्या खेळाय बसवलंय, लाडानं जिंकाय न्हवं," सैनिक म्हणाला.

"मग हरवू व्हय तुमाला?"

"जमतंय का बघ."

पुढच्या डावात सैनिक सपशेल हरला. "आता लाव दुसरा," म्हणत त्यानं खुर्ची पुढं ओढली.

असा माणूस तुमच्यासमोर खेळायला बसला, तर त्याच्यावर दया करू नका. जिंकायचंच म्हणून खेळा.