गुरुवारी ड्रेसिंगला येणारी नर्स

माझी मुलगी नर्सिंग शिकून इस्रायलला गेली, एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला. बाई ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या. लग्नानंतर तिकडं गेल्या, पण मराठी सोडली नाही. मी गडमुडशिंगीत राहतो, शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करतो. जेवणाच्या सुट्टीत मुलीला रोज व्हिडिओ कॉल लावायचो.

त्या गुरुवारीही लावला. बाईंच्या पायाला साखरेमुळं जखम झाली होती. ड्रेसिंगला येणारी अरब नर्स खाली बसून पट्टी गुंडाळत होती. एवढ्यात हल्ल्याचा भोंगा वाजला. आमच्या कारखान्याच्या भोंग्यासारखा नाही; चढणारा, उतरणारा, पुन्हा चढणारा. मुलीनं फोन टेबलावर टाकला. मला नुसता छताचा पंखा दिसत होता.

"तुम्ही दोघी जा गं तळघरात, मला जिना उतरवत नाही," बाई म्हणत होत्या.

"गप बसा आज्जी, उठा!"

धाडकन आवाज झाला आणि कॉल तुटला.

पुन्हा लावला. लागेना. घाईत फोन डब्यातल्या आमटीत पडला. तो शर्टाला पुसून लावत राहिलो. सुट्टी संपली तरी मी मशीनवर गेलो नाही.

शेवटी तिचाच फोन आला. "बाबा, आमी बरं हाय. जिन्यात बसलोय तिघीबी."

"तू खाली का न्हाय पळालीस? मराय धाडलंय व्हय तुला?" मी ओरडलो. सगळे वळून बघायला लागले.

मग बाईंनी फोन घेतला. "रागावू नका भाऊ. या दोघींनी मला धरून इथवर आणलं. अर्धी पट्टी अजून नर्सच्याच हातात आहे."

मला लाज वाटली. म्हटलं, "हे थांबणार कधी, आज्जी?"

"माझा नातू फौजेत. या नर्सची बहीण लग्न होऊन गाझात, तिचा फोन लागत नाही. ही म्हणाली, तुमचा नातू घरी येऊ दे. मी म्हटलं, तुझी बहीण सापडू दे."

पुढं युद्धबंदी झाली. नातू घरी आला. नर्स मात्र यायची बंद झाली. दुसरीच कोणी यायला लागली. बाई रोज विचारायच्या, तेव्हा मुलगी म्हणाली, "दवाखान्यात जाऊन बघून येते."

"तू जाऊ नको. तुला काय करायचंय?" मी म्हटलं.

ती गेलीच. त्या दिवशी मी मशीनवर दोनदा माप चुकलो. संध्याकाळी कळलं, नर्स भेटली. बहिणीचा पत्ता नव्हता. युद्धबंदी झाली तरी बाईंच्या गल्लीतून एकटीनं चालायची तिला भीती वाटत होती. कोणीतरी तिच्या अंगावर थुंकलं होतं.

आता दर गुरुवारी माझी मुलगी बसस्टॉपवर जाते आणि तिला सोबत घेऊन येते. परत सोडायलाही जाते. मी अजून म्हणतो, घरी ये. ती म्हणते, "जखम भरू दे की, बाबा." गुरुवारी माझा डबा तसाच परत येतो.