पुस्तकाला हात लावायचा नाही

जबलपूरच्या चेरीताल वस्तीत दोन घरांत भांडण जुंपलं की तिसरा कोणीतरी हमखास म्हणायचा, "चलो, गुलाबरावजी से पूछ लेते हैं। वो झूठ नहीं बोलेंगे।" गुलाबराव गोंडाणे म्हणजे कारखान्यात लेथवर उभं राहून केस पिकवलेला माणूस. शब्दाला पक्का, दारूला न शिवणारा. पण कोणी असं तोंडावर बोललं की तो खाली वाकून सायकलची चेन चाचपायला लागायचा. लोकांना वाटे, किती हा विनय! विनय कसला अन् काय. त्याच्या घरात तसबिरींखालच्या फळीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक पुस्तक होतं. ते आठवलं की या खऱ्या माणसाला मान वर करवत नसे.

पुस्तक होतं त्याच्या मायचं, भागीरथाबाईचं. भंडाऱ्याकडच्या गावात ती सात-आठ वर्षांची पोर असताना पाटलाच्या दारासमोरचा रस्ता झाडायची. एकदा पाटलाने पोथीची पानं उन्हात टाकली होती. वाऱ्याने त्यातलं एक उडून हिच्या पायाशी आलं. हिने भाबडेपणाने उचललं आणि द्यायला गेली. त्या पानाला तिथेच काडी लावली गेली, आणि हिच्या तळहातावर ओल्या फोकाचे वळ उठले. पुढे लग्न होऊन ती जबलपूरला आली. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि परत येऊन चप्पल काढायच्या आत मुलाला म्हणाली, "गुलाब, आता मले एक पुस्तक पाहिजे. आपल्या धम्माचं. आपल्या घरात."

तिला वाचता एक अक्षर येत नव्हतं. पण हवं म्हणजे हवं. त्याच दिवसांत राज्यांची नवी वाटणी झाली. कालपर्यंत राजधानी असलेलं नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं, आणि जबलपूरची मराठी घरं अलीकडे हिंदीत राहिली. इथल्या बाजारात मराठी पुस्तक मिळेना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता बासष्ट साल उजाडलं. त्या दसऱ्याला गुलाबराव कारखान्यातल्या सोबत्याबरोबर, बळीरामबरोबर, नागपूरला गेला. चांगलं जाड, लाल पुठ्ठ्याचं पुस्तक त्याने पारखून घेतलं. इथवर त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

येताना गोंदियाहून छोट्या लाइनीची गाडी धरली. ही गाडी नैनपूरला लागली की तासभर हलत नसे. दोघे उतरले, फलाटावरच्या बाकावर बसले आणि पत्ते काढले. बाकाच्या फळ्यांमधून पत्ते खाली पडू लागले, तेव्हा गुलाबरावाने पिशवीतून मायचं पुस्तक काढून मधे ठेवलं आणि त्यावर डाव मांडला. डाव रंगला आणि इंजिनाने शिट्टी दिली. गुलाबरावाने धावपळीत बावन्नच्या बावन्न पत्ते गोळा केले, एकही सोडला नाही. पुस्तक बाकावर राहिलं. ते ध्यानात आलं तेव्हा नैनपूर दोन कोस मागे पडलं होतं.

"आता मायले कोणतं तोंड दाखवू?" तो डोकं धरून बसला.

बळीरामने आपली पिशवी उघडली. त्याला रिटायर झाल्यावर कोंबड्या पाळायच्या होत्या, म्हणून त्यानेही नागपुरात एक पुस्तक घेतलं होतं. कोंबड्यांची निगा, खाणं, रोग आणि त्यावरचे उपाय. तेही जाड, त्यालाही लाल पुठ्ठा. "हे दे सध्या," तो म्हणाला. "मायले कुठं वाचता येते? पुढच्या साली बदलून टाकजो."

"अच्छा," गुलाबराव म्हणाला. या एका 'अच्छा'चा त्याला जन्मभर पश्चात्ताप झाला.

भागीरथाबाईने हात धुतले, पदराला पुसले, आणि पुस्तक दोन्ही तळव्यांवर घेतलं. ते तिने कपाळाला लावलं. कधी न रडणारी बाई घळाघळा रडली. मग डोळे पुसून पुठ्ठा उघडायला बोट सरकवलं. आत पहिल्याच पानावर तुरेदार कोंबडा उभा होता.

"माय, हात नको लावू!" गुलाबराव ओरडला. "मळते ते. उघडणं-बिघडणं मी पाहीन."

तिने हात मागे घेतला. का म्हणून विचारलंसुद्धा नाही. त्या हाताला मागे यायची लहानपणापासून सवय होती. गुलाबरावाने ते डोळ्यांनी पाहिलं. तेव्हाच बोलून टाकलं असतं तर माय दोन दिवस रागावली असती आणि तिसऱ्या दिवशी हसली असती. पण तो बोलला नाही.

मग तो घरचा कायदाच झाला. पुस्तकाला कोणी हात लावायचा नाही. माय रोज त्यापुढे फूल ठेवी, मेणबत्ती लावी. पौर्णिमेला शेजारची चार घरं जमत आणि गुलाबरावाने पुस्तकातून वाचून दाखवायचं. तो फडकं सोडी, पुस्तक स्वतःकडे वळवून धरी, आणि सभांमधून ऐकलेलं, जे आठवेल ते बोले. चोरी करू नये. खोटं बोलू नये. समोर पानावर मान टाकलेल्या आजारी कोंबडीचं चित्र असे, आणि तिच्याकडे बघत हा पठ्ठ्या खोटं बोलू नये म्हणून सांगे. लोक हात जोडत. माय ओठ हलवून शब्द न् शब्द पाठ करी.

दुसऱ्या वर्षी त्याने खरं पुस्तक आणलं. माय नळावर गेलेली पाहून फडक्यात बदलूनही टाकलं. संध्याकाळी माय फळी पुसायला गेली, फडक्यासकट पुस्तक उचललं आणि हाक मारली, "गुलाब, हे माह्यं पुस्तक नोहे. हे हलकं लागून राहिलं. माह्यं कुठं गेलं?" ती इतकी कासावीस झाली, की त्याने मुकाट्याने कोंबड्या परत जागेवर आणून ठेवल्या. खरं पुस्तक बळीरामला दिलं. बळीरामने ते मन लावून वाचलं आणि पुढे सभांमधून तो उत्तम बोलू लागला. ते ऐकायला गुलाबराव सर्वांत मागे बसे.

पण खरा घाव निराळाच. अडुसष्ट साली त्याची मुलगी पुष्पा आठ वर्षांची होती. नवं नवं वाचायला शिकलेली, दुकानांच्या पाट्या वाचत हिंडणारी. एक दिवस तो कामावरून आला, तर पोरगी फळीखाली मांडी घालून बसलेली, पुस्तक मांडीवर उघडं. गुलाबरावाने विचार केला नाही. खाडकन तिच्या हातावर मारलं. नेमकं हातावरच. "सांगितलं नं, हात लावाचा नाही म्हणून!"

पुष्पा रडली नाही. दारात उभ्या भागीरथाबाईकडे तिने एकदा पाहिलं, पुस्तक बांधून वर ठेवलं, आणि पुन्हा त्या फळीकडे फिरकली नाही. त्या रात्री गुलाबराव जेवला नाही. आपण पाटील झालो, हे त्याला चांगलं कळलं होतं. कळून करतो काय? बोलायचं तर सहा वर्षांचं सगळंच बोलावं लागणार होतं.

सहाची तीस वर्षं झाली. गुलाबरावाचे केस पांढरे झाले. पुष्पा चार गल्ल्या पलीकडे नांदू लागली होती. गावोगाव म्हाताऱ्यांना साक्षर करायची लाट आली तेव्हा तिने बायकांचा वर्ग काढला, आणि पहिली विद्यार्थिनी म्हणून आजीला बसवलं. पंचाहत्तरीची भागीरथाबाई पाटीवर 'क' काढू लागली. वर्षभरात जोडाक्षरांपर्यंत पोचली. मग म्हणाली, "आता बुद्धपौर्णिमेला माह्यं पुस्तक मीच वाचीन."

गुलाबरावाने चहाचा कप खाली ठेवला. तो पुष्पाला अंगणात घेऊन गेला. काय सांगावं, कुठून सुरुवात करावी, त्याला सुचेना.

"मुझे मालूम है, बाबा," पुष्पाच म्हणाली. "मैंने तो उसी दिन पढ़ लिया था। मुर्गियों की किताब है।"

"मंग काहून नाही बोलली?"

"आजी दारात होती नं. तिले सांगणं तुमचं काम होतं, बाबा. आताही तुमचंच आहे. पौर्णिमेले आठ दिवस आहेत."

आठही दिवस तो मायजवळ जाऊन बसला. रोज "माय" म्हणून सुरुवात केली, आणि रोज औषध घेतलं का, एवढंच विचारून उठला. लेथवर केसाएवढा फरक पकडणारा माणूस, पण त्याची जीभ काही वळली नाही.

पौर्णिमेची सकाळ आली. नेहमीची चार घरं जमली. भागीरथाबाईने हात धुतले, पदराला पुसले, आणि फडक्याची गाठ सोडली. पुठ्ठ्याशी बोट आल्यावर ती थांबली आणि मुलाकडे बघितलं. पंचाहत्तर वर्षांची बाई परवानगी मागत होती. गुलाबरावाने मान हलवली.

तिने उघडलं. बोट ठेवत, एकेक अक्षर जुळवत वाचलं, "कों... ब... ड्या. कोंबड्यां... ची... निगा." मग तिने कोंबड्याच्या चित्रावरून बोट फिरवलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं. 

"माय, तुह्यं पुस्तक मी नैनपूरला पत्ते खेळता खेळता हरवलं," गुलाबराव म्हणाला. इतक्या वर्षांचं सगळं त्याने तिथेच, चारचौघांत, एका दमात सांगून टाकलं. शेवटी त्याला हुंदका आवरेना.

भागीरथाबाईने पांढऱ्या फडक्याची घडी घालून बाजूला ठेवली.

"कोंबड्याचं तं कोंबड्याचं," ती म्हणाली. "मी फुलं वाहिली, ते वाया नाही गेलं. तू चांगल्याच गोष्टी सांगतल्या. पण एक सांग, गुलाब. पाटलाची तं पोथी होती बापा. तुह्या घरी कोंबड्याच होत्या. मंग मले अन् या पोरीले हात काहून नाही लावू दिला?"

 उत्तराची वाट तिने पाहिली नाही. पुष्पाला जवळ बसवलं, उघडं पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "वाच. पुढचं मले जमत नाही."

पुष्पा वाचू लागली. पान वाऱ्याने फडफडत होतं. ते धरायला गुलाबरावाने हात पुढे केला, आणि मधेच मागे घेतला.